मनातला धंदा कारखान्यात कसा उतरवावा? बेळगाव सीमाभागातील लघुउद्योजकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्यमबाग, मच्छे आणि होनगा येथील औद्योगिक वसाहतींत, शहापूर, वडगाव आणि खासबागच्या विणकर वस्तीत, तसेच निपाणी, संकेश्वर आणि खानापूर भागात स्वतःचा धंदा चालवणाऱ्या मराठी उद्योजकांशी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. मी स्वतः फाउंड्री (लोखंड वितळवून साच्यात ओतण्याचा कारखाना) आणि मशीन शॉपच्या धंद्यातला असल्यामुळे बरीच उदाहरणे लोखंडाची आहेत. परंतु माग, मिठाई किंवा कौले यांचा व्यवसाय करणाऱ्यांनाही ती लागू करता येतील.

व्हिजन, धोरण आणि अंमलबजावणी यांत नेमका फरक काय?

पाच-सात वर्षांनी आपला धंदा कोणासाठी काय करत असावा आणि लोकांनी त्याला कशासाठी ओळखावे, याचे जे चित्र मालकाच्या मनात असते ते व्हिजन. त्या चित्राकडे जाणाऱ्या अनेक वाटांपैकी एक निवडणे आणि बाकीच्या जाणूनबुजून सोडणे म्हणजे धोरण. निवडलेल्या वाटेवर कोणी, कोणत्या तारखेपर्यंत, किती पैशांत आणि कोणत्या यंत्रावर काय करायचे हे ठरवणे आणि ते होते आहे की नाही हे दर आठवड्याला पाहणे म्हणजे अंमलबजावणी.

आपल्याकडे पहिली आणि तिसरी गोष्ट पुष्कळ असते. मधली बहुधा नसते. मालकाच्या मनात मोठे होण्याची इच्छा असते, कामगार सकाळपासून रात्रीपर्यंत राबत असतात, आणि तरीही पाच वर्षांनी कारखाना तिथेच असतो, कारण आलेले प्रत्येक काम घेतले जाते. बँकेचे कर्ज मंजूर झाले म्हणून व्हीएमसी (संगणकावर चालणारे महागडे मशीनिंगचे यंत्र) आणायची आणि तिच्यावर चालवायला काम नंतर शोधायचे, हा क्रम मी फार वेळा पाहिला आहे. यंत्राची खरेदी हा धोरणाचा परिणाम असावा; ती धोरणाची जागा घेऊ शकत नाही.

व्हिजन लिहून काढलेच पाहिजे का? मालकाच्या मनात स्पष्ट असले तर पुरत नाही का?

मालक एकटाच काम करत असेल तर पुरते. एक सुपरवायझर आणि दहा कामगार आले की पुरत नाही, कारण मालक जागेवर नसताना निर्णय त्यांना घ्यावे लागतात. भट्टी चालू आहे, दोन ग्राहकांचे साचे तयार आहेत आणि धातू एकाच ग्राहकापुरता उरला आहे, अशा वेळी कोणाचे साचे आधी भरायचे हे सुपरवायझरला मालकाला न विचारता सांगता आले पाहिजे.

मात्र लिहिलेले वाक्य कामाचे हवे. ‘आम्हाला जागतिक दर्जाचा उद्योग व्हायचे आहे’ या वाक्याखाली शेजारच्या शेडचे नाव घातले तरी ते तितकेच खरे किंवा खोटे ठरते. त्याऐवजी असे वाक्य पाहा: ‘बेळगाव, बागलकोट, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील साखर कारखान्यांना पंप आणि व्हॉल्व्हसाठी लागणारे पन्नास किलोपर्यंतचे कास्टिंग (ओतीव भाग) गळीत हंगामात दहा दिवसांच्या आत पोहोचवणारा कारखाना.’ यात ग्राहक, माल, परिसर आणि वचन या चारही गोष्टी आहेत. या एका वाक्यातून पुढची कामे आपोआप निघतात: हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो, म्हणून नेहमी लागणाऱ्या भागांचे पॅटर्न (ज्यांवरून साचा बनतो ते नमुने) पावसाळ्यातच दुरुस्त करून ठेवायचे, बंद पडलेला साखर कारखाना वाट पाहू शकत नाही, म्हणून काही माल दसऱ्यापूर्वीच तयार ठेवायचा, आणि त्या तयार मालात अडकणारे पैसे आधीच मोजायचे.

मोठी कल्पना असली तरी बाजार तयार नसेल तर काय करावे?

याचे उत्तर बेळगावच्याच इतिहासात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला आणि १८८८ मध्ये त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान सुरू केले. पुढे ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले. शेतीची अवजारे याच देशात तयार व्हावीत ही कल्पना मोठीच होती. परंतु लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळरानावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

यातून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली अशी की, सायकल, कडबायंत्र आणि नांगर ही मालाची नावे बदलत गेली, पण ग्राहकाच्या रोजच्या श्रमाला यंत्राची जोड देण्याची दिशा टिकली. दुसरी अधिक व्यावहारिक आहे: नवा माल विकायला किती काळ लागेल याचा अंदाज मालक नेहमी कमी धरतात, म्हणून त्या काळात घर आणि कारखाना चालवणारा जुना धंदा हाताशी असावा. चालू काम बंद करून नव्या कल्पनेवर सर्व पैसा लावण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

धोरण ठरवताना सर्वांत अवघड भाग कोणता?

नाही म्हणणे. नवीन काय करायचे याची यादी अर्ध्या तासात तयार होते. काय करायचे नाही याच्या यादीवर महिनाभर वाद चालतो, कारण त्या यादीत कोणाचा तरी जुना ग्राहक, कोणाचे तरी नातेसंबंध आणि उद्याचा थोडासा नगद पैसा असतो.

आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. लहान संख्येतले, अवघड मशीनिंगचे काम ही आमची ताकद होती आणि त्यातच वाढायचे असे आम्ही ठरवले होते. त्याच वर्षी एका मोठ्या कंपनीकडून हजारोंच्या संख्येने लागणाऱ्या सोप्या भागाची ऑर्डर आली. भाव कमी होता, पण आकडा पाहून आम्ही हो म्हटले. दोन मशीन तिन्ही शिफ्ट त्या भागाला जुंपली गेली, अवघड कामाचे जुने ग्राहक तारखांसाठी फोन करून थकले, आणि पैसे ठरलेल्या मुदतीनंतर दोन-अडीच महिन्यांनी येऊ लागले. ऑर्डर पुढे बंद झाली तोपर्यंत जुन्या ग्राहकांपैकी दोघे कायमचे दुसरीकडे गेले होते. त्या कंपनीने आम्हाला फसवले असे मी म्हणणार नाही. आम्हीच आमचे धोरण पहिल्या मोहाला बाजूला ठेवले.

तेव्हापासून आम्ही तीन प्रश्न कागदावर लिहून ठेवले आहेत. हे काम आपण ठरवलेल्या प्रकारात बसते का? यंत्राच्या एका तासामागे ते किती पैसे सोडते? आणि त्याचे पैसे किती दिवसांनी येतात? तीनपैकी दोन उत्तरे वाईट असतील तर काम सोडायचे. मशीनचा तास हा एकक महत्त्वाचा आहे; एका नगामागचा नफा पाहिला तर सोपे काम चांगले दिसते, तासामागचा पाहिला की चित्र अनेकदा उलटते.

आपण सीमेवर आहोत. धोरण ठरवताना ही अडचण धरावी की संधी?

भूगोल म्हणून पाहिले तर संधी. बेळगावहून कोल्हापूर सुमारे ११० किलोमीटर आणि हुबळी सुमारे १०० किलोमीटर, दोन्ही पुणे-बंगळूर महामार्गावर, आणि चोर्ला घाटाने गोवा. म्हणजे तीन राज्यांचे ग्राहक अर्ध्या दिवसात गाठता येतात. १ जुलै २०१७ पूर्वी कोल्हापूरच्या ग्राहकाला माल विकताना केंद्रीय विक्रीकर लागत असे आणि सवलतीच्या दरासाठी त्याच्याकडून सी फॉर्म मिळवण्याच्या मागे लागावे लागे. जीएसटी आल्यावर खरेदीदाराला आंतरराज्य खरेदीवरील कराचेही क्रेडिट मिळते, त्यामुळे नोंदणीकृत ग्राहकाच्या दृष्टीने बेळगावचा माल आणि कोल्हापूरजवळच्या शिरोलीचा माल कराच्या बाबतीत सारखाच झाला. पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल सीमेपलीकडे पाठवताना ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना) काढावे लागते, एवढे डिस्पॅचच्या माणसाने विसरू नये.

तरीही अनेक कारखान्यांची ग्राहकयादी जुन्या करपद्धतीच्या काळात ठरली तशीच राहिली आहे. ती एकदा नव्याने पाहावी. फाउंड्रीत कोल्हापूर हा मोठा स्पर्धक आहे, हे खरे. पण तिथल्या मोठ्या कारखान्यांना नको असलेले कमी संख्येचे काम, म्हणजे महिन्याला वीस-तीस नग आणि दर वेळी वेगळा साचा, हे आपल्या आकाराच्या कारखान्याला परवडते. पावसाळ्यात घाटातून जाणाऱ्या गोव्याच्या मालाला मात्र एक-दोन दिवस जास्त धरूनच तारीख द्यावी.

कामगारांपर्यंत धोरण कसे पोहोचवावे? आमच्याकडे काही मराठी बोलतात, काही कन्नड.

हा प्रश्न बाहेरच्या सल्लागारांना सुचत नाही आणि आपल्याकडे तो सर्वांत निर्णायक आहे. कार्यालयात इंग्रजीत चौकट करून लावलेले व्हिजन मोल्डिंगवर काम करणाऱ्या माणसाने वाचलेलेच नसते. येळ्ळूरचा कामगार मराठीत विचार करतो, बैलहोंगलचा कन्नडमध्ये, आणि बाहेरून आलेले काहीजण हिंदीत. कारखान्यातला फलक मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत असावा, दोन्ही मजकूर सारख्याच मोठ्या अक्षरांत असावेत, आणि भाषांतर कार्यालयात न करता शॉपमधल्याच दोन जाणत्या कामगारांकडून करून घ्यावे. आमच्याकडे हे केल्यावर लक्षात आले की हीट, कोर, बॉक्स, फेटलिंग (ओतलेला नग साफ करणे), रिजेक्शन (बाद माल) हे कामाचे शब्द दोन्ही भाषांत तेच आहेत. अडचण शब्दांची कमी आणि न सांगण्याची जास्त होती.

सांगताना कारणही सांगावे. ‘रिजेक्शन कमी करा’ हे वाक्य प्रत्येक मालक म्हणतो. त्याऐवजी असे सांगता येते: शंभर नग ओतले, त्यांतले आठ फेटलिंगमध्येच बाद झाले तर धातू पुन्हा भट्टीत जातो आणि नुकसान वितळवण्याचे आणि मजुरीचे होते, पण ब्लो होल (ओतताना अडकलेल्या वायूचे छिद्र) असलेला नग मशीनवर चढून अर्धा तास कापल्यानंतर बाद झाला तर मशीनचा वेळ, टूल आणि तारीख असे सगळेच जाते, म्हणून संशयाचा नग मशीनवर चढण्याआधी बाजूला काढणाऱ्याला कोणी रागावणार नाही. हे ऐकल्यावर कामगार स्वतः नग बाजूला काढू लागतात, कारण आता निर्णय त्यांच्या हातात असतो.

जपानी कारखान्यांत होशिन कान्री नावाची पद्धत आहे. तिच्यात वरून ठरलेले ध्येय खाली जाते, खालचे लोक ‘एवढे जमेल, एवढे जमणार नाही, आणि जमण्यासाठी हे हवे’ असे सांगून ते परत वर पाठवतात, आणि चेंडू टाकावा-झेलावा तसे हे दोन-तीन वेळा होऊन मगच आकडा पक्का होतो. वीस माणसांच्या कारखान्यात यासाठी वेगळी यंत्रणा लागत नाही. जेवणाच्या सुट्टीनंतरचा अर्धा तास पुरतो.

वर्षाचे धोरण आठवड्याच्या कामात कसे उतरवायचे?

वर्षासाठी तीनच मोठी कामे निवडावीत. प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचे नाव असावे, ‘प्रॉडक्शन विभाग’ असे नाही, कारण विभागाला फोन करून विचारता येत नाही. मग प्रत्येक काम तीन-तीन महिन्यांच्या टप्प्यांत आणि चालू टप्पा आठवड्यांत तोडावा. पुढच्या वर्षीच्या मार्चमधला प्रत्येक आठवडा आज लिहिण्यात अर्थ नाही.

टप्पे ठरवताना मात्र आपले पंचांग समोर हवे. आपल्या कामगारांपैकी बरेचजण खानापूर, काकती, येळ्ळूर अशा गावांतले आहेत आणि घरी थोडीफार शेती आहे. जून-जुलैत भाताची रोप लावणी आणि दिवाळीच्या आगेमागे सुगी आली की हजेरी कमी होते; गणेशोत्सवातही होते. हे दरवर्षी होते आणि दरवर्षी मालक त्यावर आश्चर्य व्यक्त करतात. नवे यंत्र बसवणे, नव्या ग्राहकाचा पहिला नमुना किंवा लेआउट बदलणे या गोष्टी त्या आठवड्यांत ठेवू नयेत. उलट लावणीच्या काळात भट्टीचे अस्तर बदलणे, पॅटर्नची दुरुस्ती, हिशेब आणि प्रशिक्षण अशी कमी माणसांची कामे ठेवता येतात. आणि रजा मागायला लाजणारा कामगार न सांगता गैरहजर राहतो, म्हणून मे महिन्यातच ‘तुझी लावणी कधी?’ हे विचारून तक्त्यावर लिहून घेणे दोघांच्याही फायद्याचे आहे.

प्रगती मोजण्यासाठी कोणते आकडे ठेवावेत?

थोडे. ठरलेल्या तारखेला गेलेला माल किती टक्के, ओतलेल्यापैकी आणि मशीन केलेल्यापैकी वेगवेगळे रिजेक्शन किती, येणे बाकी किती दिवसांची, आणि धोरणात निवडलेल्या कामाचा एकूण विक्रीतील वाटा किती. पहिले तीन आकडे बहुतेकजण ठेवतात. चौथा जवळजवळ कोणी ठेवत नाही, आणि धोरण खरोखर अमलात येते आहे का हे तोच सांगतो. विक्री वाढली पण निवडलेल्या कामाचा वाटा घटला, तर कारखाना वाढतो आहे, मात्र ठरवलेल्या दिशेने नाही.

आढावा बैठक किती वेळा घ्यावी आणि ती कंटाळवाणी होऊ नये म्हणून काय करावे?

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, उभ्याने, फलकासमोर, अर्धा तास. काय ठरले होते, काय झाले, का राहिले आणि पुढच्या आठवड्यात कोण काय करणार, एवढेच विषय. मालकाने शेवटी बोलावे. तो आधी बोलला की बाकीचे माना डोलावतात. वाईट आकडा आणणाऱ्यावर सर्वांसमोर आवाज चढवला तर पुढच्या आठवड्यापासून आकडे चांगले येऊ लागतात आणि कारखाना मात्र तसाच राहतो.

धंदा वाढतो आहे, तरी पैशांची ओढाताण का वाढते?

कारण वाढीला खेळते भांडवल लागते आणि ते व्हिजनच्या कागदावर कोणी लिहीत नाही. महिन्याला ४० लाखांची विक्री आहे आणि ग्राहक ९० दिवसांनी पैसे देतात असे धरा. तर कोणत्याही क्षणी १ कोटी २० लाख येणे बाकी असतात. विक्री दुप्पट केली की ही रक्कम २ कोटी ४० लाख होते. कच्चा माल विक्रीच्या निम्मा आणि तो ३० दिवसांच्या उधारीवर मिळतो असे धरले, तर पुरवठादारांकडून जास्तीचे फक्त २० लाख मिळतात. म्हणजे विक्री दुप्पट करण्याच्या धोरणात, एक रुपयाचेही नवे यंत्र न घेता, सुमारे १ कोटीची तरतूद आधी लिहावी लागते. ही तरतूद नसलेली योजना चांगल्या ऑर्डरींमुळेच अडचणीत येते.

येथे कायद्याचा आधार घ्यावा. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज देय होते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकराचा नियमही जोडला गेला आहे: या मुदतीत पैसे न दिल्यास खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच वजा करता येतो. म्हणून उद्यम नोंदणी (सरकारकडे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून नोंदणी) करून क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा गुंतवणुकीत अडीच कोटी आणि उलाढालीत १० कोटी, तर लघुउद्योगाची अनुक्रमे २५ कोटी आणि १०० कोटी झाल्यामुळे आपल्या भागातले बहुतेक कारखाने त्यात बसतात. तक्रार केली तर ग्राहक तुटेल ही भीती मला समजते आणि ती खोटी नाही. म्हणूनच मुदतीची बोलणी ऑर्डर घेतानाच करावी, बिल थकल्यावर नव्हे.

बॅलन्स्ड स्कोअरकार्ड, ओकेआर अशा पद्धती लहान कारखान्याने वापराव्यात का?

त्यांच्यामागचा विचार घ्यावा, फॉर्म घेऊ नयेत. कॅप्लन आणि नॉर्टन यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या स्कोअरकार्डचा गाभा असा की, फक्त पैशांचे आकडे झालेली गोष्ट सांगतात, म्हणून ग्राहक, अंतर्गत काम आणि माणसांचे शिकणे यांच्याकडेही पाहावे. इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांनी रुजवलेल्या ओकेआरचा (ऑब्जेक्टिव्ह्ज अँड की रिझल्ट्स) गाभा असा की, प्रत्येक ध्येयाशी मोजता येणारे परिणाम जोडावेत. वर सांगितलेला फलक आणि चार आकडे यांत दोन्ही आले.

धोरण केव्हा बदलावे?

एका वाईट महिन्याने बदलू नये. ज्या गृहीतकावर ते उभे होते ते मोडले तर लगेच बदलावे. म्हणून धोरण लिहितानाच त्याखाली गृहीतके लिहावीत: हा ग्राहकवर्ग अमुक भाव देतो, हा माल पाच वर्षे लागत राहील, एवढे कुशल मोल्डर आपल्या भागात मिळतील. दर सहा महिन्यांनी फक्त ही यादी वाचावी.

मी वडिलांचा कारखाना सांभाळायला आलो आहे. माझे व्हिजन वेगळे आहे आणि जुने लोक ऐकत नाहीत. काय करावे?

आधी वडिलांचे धोरण काय होते ते शोधावे, कारण ते लिहिलेले नसले तरी असतेच. कोणत्या ग्राहकाला उधारी द्यायची नाही, कोणत्या पुरवठादाराची वाळू पावसाळ्यात ओली येते, कोणता फोरमन दुखावला तर चार मोल्डर जातात, हे सर्व त्यांच्या डोक्यात असते. ते समजून न घेता सॉफ्टवेअर आणि नवा लोगो आणणारा मुलगा किंवा मुलगी कामगारांच्या नजरेतून लवकर उतरते. दुसरीकडे, वडिलांनीही एक पूर्ण निर्णय सोपवावा, उदाहरणार्थ सर्व नव्या कोटेशनचे भाव, आणि वर्षभर त्यात मागून हात घालू नये. कामगार समोर असताना मुलाचा निर्णय एकदा जरी फिरवला, तरी पुढे प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली जाते.

आमच्या घरी हे काम दर रविवारी सकाळी दोन तास बसून चार महिने चालले. वडील प्रत्येक ग्राहकाबद्दल बोलत, मी वहीत लिहीत असे, आणि शेजारी गेल्या तीन वर्षांची त्या ग्राहकाची विक्री आणि पैसे आल्याच्या तारखा मांडत असे. पुढच्या वर्षी कोणते तीन ग्राहक सोडायचे, हे त्या वहीवरून आम्ही दोघांनी मिळून ठरवले, आणि त्यांतल्या एकाचे नाव वडिलांनीच आधी घेतले.